मस्कादे आणि फुजैराची कालवं

मेट्रोतून उतरून वीस मिनिटं झाली होती, देऊळ अजून तेवढंच लांब होतं, आणि जेरार्डचं कालवांवरचं बोलणं काही संपत नव्हतं.

"फुजैराच्या बाजूला समुद्रात टोपल्या सोडून वाढवतात, वहिनी. ताजी, जिवंत. शिंपला उघडायचा, वर लिंबाचे दोन थेंब, बास. ना मसाला, ना फोडणी. आणि सोबत थंडगार मस्कादे वाइन."

"कच्चीच?" अनुराधाने विचारलं.

"कच्चीच."

"आमच्या देवगडला खडपावर कालवं फोडायला गेलं की आम्ही पोरी एखादं गुपचूप तोंडात टाकायचो. आई बघायची आणि वर धपाटा घालायची. तुम्ही लोकांना पैसे घेऊन देता!"

सिग्नलला दोघं थांबली. दुबईतल्या जबल अलीच्या त्या रस्त्याला एका बाजूला गोदामं, दुसऱ्या बाजूला नुसती वाळू. तेवढ्यात एक नारिंगी टँकर करकचून ब्रेक दाबत त्यांच्या अगदी शेजारी येऊन उभा राहिला. मैल्याचा टँकर, आणि मागची तोटी गळत होती. अनुराधाने ओढणी नाकातोंडावर दाबली आणि ती दहा पावलं मागे पळाली. वळून बघते तर जेरार्ड तिथेच. टँकरपासून हातभर अंतरावर उभा राहून लिंबू कागदीच का हवं ते सांगतोय.

"जेरार्डभाऊ, अहो हला तिथून! नाक आहे की खुंटी?"

जेरार्डने आधी तिच्याकडे पाहिलं, मग टँकरकडे, मग खाली गळणाऱ्या धारेकडे. आणि मग घाईघाईने रुमाल काढून नाकाला लावला.

अनुराधाने ते पाहिलं. माणसाला वास येतो आणि मग तो कुठून येतोय ते बघतो. इथे उलटं झालं होतं.

सिग्नल सुटला, टँकर गेला. रस्ता ओलांडून झाल्यावर ती म्हणाली, "तुम्हाला वास आलाच नाही."

"आला ना. जरा लक्ष नव्हतं."

"जेरार्डभाऊ, मी देवळात चाललेय. तुम्ही चर्चमध्ये चाललाय. निदान जाताना तरी खोटं बोलू नये."

जेरार्डने रुमाल खिशात टाकला. मग चालता चालताच म्हणाला, "अकरा आठवडे झाले. नोव्हेंबरात ताप आला होता बघा, तेव्हापासून. काहीच येत नाही. कॉफी नाही, अगरबत्ती नाही, पेट्रोल नाही. काहीच नाही."

दुसऱ्या कुणाचं नाक गेलं असतं तर अनुराधाने आल्याचा काढा सांगितला असता आणि पुढे चालली असती. पण जेरार्डचं पोटच नाकावर होतं.

जेरार्ड आणि त्याची बायको पॉलिन हे जुमेरा लेक टॉवर्समधले अनुराधाचे शेजारी, भिंतीला भिंत. तो वसईचा, आगाशीजवळच्या एका गावचा. बापाची केळीची वाडी, आई उन्हात केळी वाळवून सुकेळी करायची. शाळा मराठी. बाविसाव्या वर्षी दुबईला आला तो एका हॉटेलात भांडी घासायला. मग भांड्यांवरून टेबलं पुसायला, टेबलांवरून ताटं न्यायला, असं करत करत एक दिवस कुणीतरी त्याच्या हातात वाइनची बाटली दिली आणि आठ नंबरच्या टेबलावर उघड म्हणून सांगितलं. आज त्या गोष्टीला एकोणीस वर्षं झाली. आता तो त्याच हॉटेलातल्या मोठ्या रेस्टॉरंटचा वाइनवाला. कोटाच्या कॉलरवर द्राक्षाच्या घोसाची सोनेरी पिन लावतो. ती पिन परीक्षा दिल्याशिवाय मिळत नाही. कुठल्या ताटाबरोबर कुठली वाइन, हे तो सांगणार. आणि बाटली उघडली की पहिला वास तोच घेणार. बूच खराब असेल तर वाइन नासते. ते डोळ्यांना दिसत नाही, नाकालाच कळतं. नासलेली बाटली गिऱ्हाइकापर्यंत जाऊ नये, एवढ्यासाठी तर हॉटेल त्याला पगार देतं.

अनुराधाच्या घरात दारूचा थेंब नाही. तिचा नवरा दत्तप्रसाद ऑफिसच्या पार्टीत सुद्धा सोडा पिऊन येतो. सुरुवातीला तर जेरार्ड नेमकं काय करतो हे तिने सासूबाईंना फोनवर सांगितलंच नव्हतं. "हॉटेलात आहेत," एवढंच. पण दत्तप्रसादनेच एकदा सांगून टाकलं, "आई, आपला शेजारी दारूतला पीएचडी आहे." सासूबाई तिकडून म्हणाल्या, "असेना का, पितो की नाही ते सांग." तर जेरार्ड पीतही नव्हता फारसा. चूळ भरल्यासारखी तोंडात फिरवायचा आणि थुंकून टाकायचा. अनुराधाला याचं फार हसू आलं होतं. एवढी महागाची वस्तू, एकेक बाटली दोनशे दिरहमची, म्हणजे पावणेपाच हजार रुपये, आणि थुंकायची!

त्याची एक गोष्ट मात्र तिला मनापासून आवडायची. परीक्षेची पुस्तकं सगळी इंग्रजीत, वाइनचे वास सांगायचे तेही तिकडच्या फळांवरून. ती फळं जेरार्डने जन्मात पाहिली नव्हती. मग त्याने शंभर पानी वही घेतली आणि सगळे वास आपल्या भाषेत लिहून काढले. फ्रेंच नावं देवनागरीत, आणि पुढे वसई. एका वाइनपुढे लिहिलं होतं, "कच्ची करवंदं". दुसरीपुढे, "धुतलेला पाटा". मधासारख्या एका जुन्या वाइनपुढे, "आईची सुकेळी, दुसरा दिवस". नासलेल्या बाटलीपुढे, "बंद खोलीतलं भिजलेलं गोणपाट". आणि मस्कादेपुढे, "मिठागरावरचा सकाळचा वारा, कागदी लिंबाची साल, बेकरीतलं आंबलेलं पीठ". मराठी शाळेत शिकलेल्या माणसाचीच ही अक्कल, असं अनुराधाला वाटायचं. ती स्वतःही त्यातलीच होती.

"मग हॉटेलात कसं चाललंय?" तिने विचारलं.

"आठवणीवर. बाटली बघून कळतं कुठली आहे ते. त्या बाटलीत काय असायला पाहिजे ते वहीत आहे. तेवढं घडाघडा बोलतो."

"आणि खराब निघाली तर?"

जेरार्ड खाली बघून चालत राहिला. "निघाली ना. डिसेंबरात. नऊ नंबरचं टेबल. मी बूच काढलं, वास घेतला, मान डोलावली, ओतली. त्या बाईंनी ग्लास नाकाजवळ नेला आणि म्हणाल्या, हे काय आहे? डीन तिथेच उभा होता. माझा मॅनेजर. त्याने ग्लास उचलून हुंगला. मग माझ्याकडे असं बघितलं..." त्याने ते बघणं करून दाखवलं नाही. "सॉरी म्हणालो, सर्दी आहे म्हणालो."

"आणि आता हे कालवांचं?"

"ते येत्या गुरुवारचं खास जेवण. चाळीस माणसं. एकच वाइन, मस्कादे, आणि तिच्याबरोबर चार ताटं. वहिनी, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या गावचं जेवण त्या टेबलावर जाणार आहे. मीच हट्ट धरला होता. ऑक्टोबरात. तेव्हा नाक होतं."

अनुराधाला वाइनमधलं काही कळत नव्हतं, पण स्वयंपाकातलं कळत होतं. तिने सरळ विचारलं, "ताटं कुठली?"

जेरार्ड जरा मोकळा झाला. कामाचं बोलणं त्याला सोपं जायचं. "पहिली कालवं. मग ताजे बोंबील, रव्यात, कुरकुरीत. मग तिसऱ्या. नारळाच्या दुधात, पातळ रस्सा, आलं, हिरवी मिरची नावाला. शेवटी बकरीच्या दुधाचं चीज, ते फ्रान्सचं. ही वाइन जिथे होते ना, तिथे नदी समुद्राला मिळते. खाडीच म्हणा. तिथली माणसं ती शिंपल्यांबरोबर आणि मासळीबरोबरच पितात. खारट, तेलकट, नाजूक असं काही पाहिजे तिला. तिची आंबटाई तेल कापते. लिंबू पिळल्यासारखी."

"आणि ते आंबलेलं पीठ कुठून आलं वाइनमध्ये?"

"साका. रस आंबल्यावर तळाला साका बसतो ना, तो काढत नाहीत. अख्खा हिवाळा वाइन त्या साक्यावरच ठेवतात. त्याची चव वर येते. सूर ली म्हणतात."

"आणि तुमच्या वसईच्या त्या तिखट बाटली-मसाल्याचं कालवण? पॉलिन करते ते?"

"शेफ तेच म्हणत होता. मी नाही म्हटलं. त्याच्यापुढे बिचारी मस्कादे पाण्यासारखी लागेल. नुसती जळजळ राहील तोंडात."

"गोडाचं काही नाही?"

"सुकेळी ठेवलीय, चीजच्या नंतर." हे तो जरा लाजत म्हणाला.

"पण वाइन आंबट म्हणता ना? पेढा खाल्ला आणि वर चहा प्यायला तर चहा अगोड लागतो. सुकेळीवर ती वाइन कडूझार नाही लागणार?"

जेरार्ड थांबला. रस्त्याच्या कडेला, भर उन्हात. "लागेल," तो म्हणाला. "लागणारच. मला माहीत आहे हे. पहिल्या वर्षाचा धडा आहे. पण आईची सुकेळी पाहिजे म्हणून... वहिनी, हे मला जिभेनेही कळायला हवं होतं. गोड, आंबट, खारट, कडू अजून कळतं. जीभ आहे, नाक नाही."

"मग सुकेळी कॉफीबरोबर द्या. वाइनचा ग्लास उचलल्यावर."

"यल्ला, झालं. एक निकाल लागला."

"एकच लागला. दुसऱ्याचं काय?"

दुसरा निकाल कुठला, ते दोघांनाही ठाऊक होतं. चाळीस माणसं म्हणजे निदान दहा-बारा बाटल्या, आणि त्या हुंगून पास करणार कोण?

थोडं पुढे गेल्यावर जेरार्ड म्हणाला, "तुम्ही नैवेद्य चाखत नाही ना? पॉलिन सांगत होती. मग मीठ कसं कळतं?"

"देवाच्या आधी उष्टं कसं करायचं? हाताच्या अंदाजाने घालायचं. बरंचसं वासावर कळतं. उकळी आली की मीठ कमी असलेली आमटी वेगळी येते वासाला."

"आणि चुकलं तर?"

"चुकतं की. मग पहिला घास ह्यांना. तोंड वाकडं करून सांगतात. पुढच्या वेळी सुधारायचं. देवाने अजून तक्रार केली नाही."

"आमची गिऱ्हाइकं देव नाहीत, वहिनी. लगेच रिव्ह्यू लिहितात."

ती हसली, पण सोडलं नाही. "भाऊ, पण मी चाखलेलं नाही हे घरात सगळ्यांना माहीत असतं. चाखलंय म्हणून सांगत नाही मी. तुम्ही हुंगल्यासारखं करता आणि हुंगलं म्हणून सांगता. डीनना सांगून टाका."

"आणि व्हिसा? पोरीची, करेनची शाळा? वाइनवाल्याचं नाक गेलं म्हटल्यावर काय ठेवतील मला? परत भांडी?"

दत्तप्रसादची नोकरी दोन वर्षांपूर्वी अशीच लटकली होती. तेव्हाच्या रात्री तिला आठवत होत्या. उगीच काही होणार नाही म्हणून सांगणं तिच्या जिभेवर आलं नाही. ती म्हणाली, "डॉक्टरकडे गेलात?"

"नाही. डॉक्टरकडे गेलो की पॉलिनला कळणार. विम्याचं कार्ड तिच्याच क्लिनिकमध्ये चालतं."

"म्हणजे? पॉलिनलाही माहीत नाही?"

जेरार्डने मान हलवली.

आणि अनुराधाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पॉलिन क्लिनिकच्या रिसेप्शनवर बसते, शनिवारी हल्ली तिची ड्युटी असते, नाहीतर या वाटेवर तीच सोबत असायची. नाताळाच्या आधी ती कुकीज द्यायला आली होती आणि दारातच उभी राहून अर्धा तास बोलत होती. "अगं अनु, माझा नवरा बदललाय! लग्नाला पंधरा वर्षं झाली, एक दिवस हा माणूस गप्प जेवला नाही. जिरं जास्त भाजलंय. कोथिंबीर कालची आहे. तेल बदल. हॉटेलातलं नाक घरी घेऊन यायचा. आणि आता? नोव्हेंबरपासून एक नाव ठेवलं नाही. 'छान झालंय, पॉलिन', रोज. रोज गं! परवा तर मासळीच्या कालवणात नारळ खवट निघाला, मला वाढल्यावर कळलं. करेन म्हणाली, 'मम्मा, धिस टेस्ट्स फनी.' मी भ्यायले. आणि हा दोनदा मागून जेवला! म्हणाला, अगदी आईच्या हातचं."

हे सांगताना पॉलिनचे डोळे भरून आले होते. अनुराधाने त्या दिवशी देवापुढे तिच्यासाठी सुद्धा हात जोडले होते, संसार असाच राहू दे म्हणून.

आता जेरार्डच्या शेजारून चालताना तिने तेच काढलं. "खवट होता तो नारळ," ती म्हणाली.

"कुठला नारळ?"

तिने सांगितलं. जेरार्डने सगळं ऐकून घेतलं. देऊळ आणि चर्चशेजारच्या गुरुद्वाऱ्याचा घुमट दिसायला लागला, गाड्यांची रांग लागली, कुणीतरी गाडीत मोठ्याने भजन लावलं होतं. चर्चच्या फाटकाशी जेरार्ड म्हणाला, "तासाभराने इथेच," आणि आत गेला. अनुराधा देवळाकडे वळली.

देवळात गर्दी होती. तिने मारुतीला तेल वाहिलं, रुईची माळ घातली. रोज ती देवाला घरच्या सगळ्यांची नावं घेऊन काही ना काही मागते. नवरा, मुलगा तन्मय, सासूबाई. आज जेरार्डचं नाव घेतलं, पण पुढे काय मागायचं ते ठरेना. नाक दे म्हणावं तर ते डॉक्टरचं काम. नोकरी राहू दे म्हणावं तर खोट्याला साथ दिल्यासारखं. मग तिने नुसतंच नाव घेतलं आणि प्रदक्षिणा घातल्या. प्रसादाची बुंदी कागदात बांधून घेतली आणि बाहेर आली.

जेरार्ड फाटकाबाहेर कठड्यावर बसला होता. हातात फोन.

"मास झाला?"

"अर्ध्यातून बाहेर आलो. डीनला फोन केला."

ती त्याच्या शेजारी, जरा अंतर ठेवून बसली. "काय म्हणाले?"

"आधी शिव्या दिल्या. बांद्र्याचा माणूस, अस्सल तिकडच्या. चर्चच्या आवारात उभा राहून ऐकल्या मी." जेरार्ड किंचित हसला. "म्हणाला, पाच दिवस आधी सांगतोस? नऊ नंबरच्या दुसऱ्या दिवशी का नाही सांगितलंस? मी म्हटलं, भीती वाटली. मग म्हणाला, बाटल्या सुचित्रा हुंगेल. ती आमच्याकडची ज्युनियर आहे, नागपूरची, नाक चांगलं आहे तिचं. ताटं मी ठरवलेलीच राहतील. लोकांना मस्कादेबद्दल मीच सांगायचं. पण पिन लावायची नाही. डॉक्टरचा कागद येईपर्यंत पिन सुचित्राला."

"आणि नोकरी?"

"म्हणाला, ते माझ्या हातात नाही, एचआरशी बोलावं लागेल. गुरुवार होऊ दे. इन्शाल्ला." त्याने फोन खिशात टाकला. "सुकेळी कॉफीबरोबर म्हटलं, तर म्हणाला, ही अक्कल तुझी नव्हे."

अनुराधाने कागद उघडून बुंदी पुढे केली. जेरार्डने दोन्ही हातांची ओंजळ करून घेतली, तोंडात टाकली. "गोड आहे," तो म्हणाला. "वेलची आहे का?"

"आहे."

"असेल." तो चावत राहिला. "पिनचं मला एवढं वाटलं नाही, वहिनी. खरंच. वाटेल असं वाटलं होतं. पण तुम्ही ते नारळाचं सांगितलंत ना, तेच डोक्यात फिरतंय. मासमध्येही तेच. पॉलिन अकरा आठवडे खूश आहे. सकाळी उठून विचारते, आज काय करू? पंधरा वर्षांत असं विचारत नव्हती. भीत होती बिचारी माझ्या नाकाला. हे मला आत्ता कळतंय."

"मग सांगणार ना तिला?"

"सांगायला तर पाहिजे. डीन सोमवारी डॉक्टरकडे जा म्हणालाय. तिला कार्डावर दिसेल, त्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं. पण मी सांगितलं की ती काय समजणार? की मी तिला रोज खोटं सांगत होतो. आणि मी खोटं सांगत नव्हतो हो. कसं सांगू... आधी मला पानात फक्त चुका दिसायच्या. नाक गेल्यावर चुका दिसेनात. मग समोर राहिलं काय, तर ती बसलेली. बघत असलेली, मी कधी घास घेतो ते. तेव्हा छान आहे म्हणायचो. ते छान कालवणाला म्हणत होतो की कशाला, मलाच ठाऊक नाही."

"हे असंच सांगा तिला."

"मला नाही जमणार. माझ्या तोंडून हे मराठीत असं येतं, ते तुमच्यासमोर. तिच्यासमोर मी गप्पच होतो."

समोरून बस आली, माणसं उतरली, बस निघूनही गेली. दोघांपैकी कुणी उठलं नाही. अनुराधाला दत्तप्रसादचा मेसेज आला, वरण लावू का म्हणून. तिने लावा म्हणून कळवलं.

जेरार्ड उठला, पँट झटकली, आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "वहिनी, आज तुमचा शनिवार. उद्या दुपारी आमच्याकडे जेवायला या. दत्तप्रसादनाही आणा. पॉलिन मासळी करेल. मी जेवायच्या आधी तिला सांगेन, तुम्ही दोघं असताना. मग तुम्ही पहिला घास घ्या आणि कसं झालंय ते तिच्या तोंडावर खरं सांगा. चांगलं असेल तर चांगलं, बिघडलं असेल तर बिघडलं. माझ्याकडे बघू नका, तिच्याकडे बघून सांगा. एवढं कराल?"